पाण्याखालून वर पाहणारा डोळा

महाराष्ट्रातील कोणत्याही गावाप्रमाणे मोहोळमध्येही शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले की एक उपकरण हमखास मांडलेले आढळते. पुठ्ठ्याची उभी पेटी, वर आणि खाली समोरासमोर एकेक खिडकी, आणि आत पंचेचाळीस अंशांच्या कोनात तिरके बसविलेले दोन आरसे. पाठ्यपुस्तकात त्याला परिदर्शी म्हणतात, बोलण्यात पेरिस्कोप. वरच्या आरशावर पडलेला प्रकाश काटकोनात वळून खाली येतो, खालच्या आरशावर आपटून पुन्हा काटकोनात वळतो आणि डोळ्यात शिरतो. भिंतीमागे उभे राहून भिंतीपलीकडचे दिसते आणि पाहणारी मुले हरखून जातात. ‘हा पाणबुडीत वापरतात,’ असे प्रयोग मांडणारा विद्यार्थी पाठ केल्याप्रमाणे सांगतो. त्याचे म्हणणे खरे आहे. पण पुठ्ठ्याची ती पेटी जशीच्या तशी पाणबुडीत नेली तर तिचा काडीचाही उपयोग होणार नाही. हे असे का, हे समजून घेतले की या उपकरणाचा सुमारे पावणेचारशे वर्षांचा इतिहास आपोआप उलगडत जातो.

प्रथम साधा हिशेब पाहू. पुठ्ठ्याची पेटी चाळीस सेंटिमीटर उंच आणि पाच सेंटिमीटर रुंद असेल, तर तिच्यातून सुमारे सात अंशांचा देखावा दिसतो. पाणबुडी पृष्ठभागाच्या काही मीटर खाली राहून वर पाहणार असेल, तर नळी दहा मीटरांच्या आसपास लांब हवी. ती पाण्यात उठून दिसू नये म्हणून बारीकही हवी. समजा पंधरा सेंटिमीटर. अशा नळीच्या दोन टोकांना केवळ आरसे बसविले तर जेमतेम एका अंशाएवढे जग दिसेल. हात पुढे लांब करून करंगळी उभी धरली असता ती जेवढी जागा झाकते, साधारण तेवढे. चारही दिशांना पसरलेल्या समुद्रात करंगळीएवढ्या फटीतून शत्रूचे जहाज शोधणे म्हणजे किल्ल्याच्या भोकातून अख्खी पंढरीची यात्रा पाहण्याचा प्रयत्न होय. म्हणूनच आरशांची ही युक्ती फार पूर्वी ठाऊक असूनही पाणबुडीला खरा डोळा मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

ही युक्ती जुनी आहे. पोलंडमधील खगोलशास्त्रज्ञ योहानेस हेवेलियस यांनी १६४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चंद्रविषयक ग्रंथात आडोशाआडून पाहण्याच्या अशा नळीचे वर्णन केले आहे. लढाईत तिचा उपयोग होईल, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. १८५४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ इपोलित मारिये-दाव्ही यांनी पाण्याखालील नौकेसाठी दोन आरशांच्या नळीचा आराखडा केला. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, ‘ओसेज’ या चिलखती युद्धनौकेवरील अभियंता थॉमस डाउटी यांनी तोफेच्या बुरुजातून डोके बाहेर न काढता नदीचे काठ पाहता यावेत म्हणून असे उपकरण तयार करून वापरले. तथापि, या सर्व प्रयत्नांत नळीच्या लांबीचा प्रश्न तसाच राहिला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या पाणबुड्या पाण्याखाली जवळजवळ आंधळ्याच असत. दिशा चुकली की काय हे पाहण्यासाठी त्यांना क्षणभर पृष्ठभागावर यावे लागे, आणि नेमक्या त्याच क्षणी त्या शत्रूच्या दृष्टीस पडत.

हा प्रश्न ज्यांनी सोडविला त्यांत डब्लिनचे दुर्बीण-निर्माते सर हॉवर्ड ग्रब यांचे नाव ठळक आहे. या नावाचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलेल्या संस्थेत, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. भावनगरच्या महाराजांनी तीस अर्थसाहाय्य दिले होते. तेथील वीस इंची परावर्तक दुर्बीण ग्रब यांच्या कारखान्यातून आली होती आणि त्या काळी ती भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. हेच नायगामवाला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आले होते. मोहोळहून रेल्वेने पुण्याकडे निघाले असता कुर्डुवाडीच्या पुढे लागणारे, करमाळा तालुक्यातील हे स्टेशन. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही त्या ग्रहणासाठी येथेच उतरले होते. १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली.

आकाशाकडे पाहणाऱ्या दुर्बिणी घडविणाऱ्या याच ग्रब यांनी १९०१ मध्ये पाणबुडीसाठी परिदर्शीचे एकस्व घेतले. वरवर पाहता ही दोन कामे भिन्न वाटतात. पण परिदर्शी म्हणजे मुळात दुर्बीणच आहे. रिकाम्या नळीतून प्रकाशकिरण सरळ जातात, त्यामुळे तिरपे आलेले किरण भिंतीवर आपटून वाया जातात आणि देखावा अरुंद होतो. ग्रब आणि त्यांच्या समकालीनांनी नळीत भिंगांची रांग बसविली. सर्वांत वर एक दुर्बीण उलटी ठेवलेली असते. उलट्या दुर्बिणीतून पाहिले की दूरचे दृश्य लहान दिसते. म्हणजेच रुंद देखावा आक्रसून अरुंद किरणशलाकेत सामावतो. ती शलाका नळीतून खाली उतरते. वाटेतील भिंगे तिला पुन्हा पुन्हा गोळा करून पुढे सोपवितात. तळाशी दुसरी, सुलटी दुर्बीण त्या आक्रसलेल्या दृश्याला मूळ आकार देते, किंवा हवे तर मोठे करून दाखविते. दोन टोकांना आरशांच्या जागी काचेचे काटकोनी लोलक असतात. त्यांच्या आतल्या बाजूवर प्रकाशाचे संपूर्ण परावर्तन होते, आणि आरशाचा मुलामा जसा काळवंडतो तसे येथे काही घडत नाही.

आरंभीच्या रचनेत एक गमतीदार दोष होता. ब्रिटिश आरमाराची पहिली पाणबुडी ‘हॉलंड-१’ १९०१ मध्ये पाण्यात उतरली. तिच्या परिदर्शीत वरचा लोलक फिरे. पण पाहणाऱ्याची जागा बदलत नसे. परिणामी समोरचे जहाज सुलटे दिसे, बाजूचे जहाज आडवे पडलेले दिसे आणि मागचे चक्क उलटे, डोलकाठी खाली करून तरंगताना दिसे. घरी दोन आरसे घेऊन वरचा आरसा हळूहळू फिरविला तर कोणालाही याचा अनुभव घेता येतो. यावर उपाय असा निघाला की संपूर्ण नळीच फिरवायची आणि पाहणाऱ्याने नेत्रिकेला डोळा लावून तिच्याबरोबर गोल चालायचे. युद्धपटांतून दोन मुठी धरून नळीभोवती फेर घेणारा कप्तान दिसतो, त्याचे मूळ येथे आहे.

भिंगांनी देखावा रुंद झाला. पण त्यांची किंमतही मोजावी लागली. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. चार टक्के हा आकडा क्षुल्लक वाटतो. मात्र येथे हिशेब घटत्या बाकीच्या पद्धतीने चालतो. शंभर रुपयांतून चार गेले की शहाण्णव उरतात, पुढच्या पृष्ठभागावर त्या शहाण्णवांचे चार टक्के जातात, आणि असे चाळीस पृष्ठभाग ओलांडून तळाशी पोचेपर्यंत शंभरांतील वीससुद्धा उरत नाहीत. संध्याकाळच्या अंधुक उजेडात ही तूट जीवघेणी ठरू शके. १९३५ मध्ये जर्मनीतील त्साइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधली. पृष्ठभागामागे चार टक्क्यांऐवजी एक टक्का तूट धरली, तर तेच चाळीस पृष्ठभाग ओलांडल्यावर शंभरांतील सदुसष्ट शिल्लक राहतात. चष्म्याच्या दुकानात मागितल्या जाणाऱ्या ‘अँटीग्लेअर’ काचेचे कूळ हेच.

आणखी एक शत्रू म्हणजे दमट हवा. समुद्राच्या गार पाण्यात नळी थंड झाली की आतील बाष्प भिंगांवर धरते. त्यासाठी नळीतील हवा काढून तीत कोरडा नायट्रोजन भरतात आणि सर्व सांधे बंद करतात.

परिदर्शी केवळ पाहण्याचे साधन नव्हे, तर मोजमापाचेही आहे. त्याच्या वळण्यावरून लक्ष्याची दिशा अंशांत कळते. अंतर काढण्याची रीत शाळेतील त्रिकोणमितीची आहे. समोरच्या जहाजाची डोलकाठी पाण्यापासून तीस मीटर उंच आहे असे ठाऊक असेल आणि ती डोळ्याशी एक अंशाचा कोन करीत असेल, तर जहाज सुमारे १,७२० मीटरांवर आहे. मात्र त्या उंचीचा अंदाज छत्तीस मीटर असा चुकीचा धरला, तर उत्तर २,०६० मीटर येते. म्हणजे मापन अचूक असूनही गृहीत धरलेला आकडा चुकला की तब्बल ३४० मीटरांचा फरक. म्हणून पाणबुडीच्या अधिकाऱ्यांना देशोदेशींच्या जहाजांच्या आकृती आणि उंची अभ्यासाव्या लागत.

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी परिदर्शींत दोन प्रकारे पाहता येई. दीडपट मोठे दिसेल तेव्हा बत्तीस अंशांचा देखावा, आणि सहापट मोठे केले की आठ अंशांचा. आकार चौपट, देखावा एकचतुर्थांश. जवळून पाहायचे तर थोडे पाहावे लागते आणि सारे पाहायचे तर लांबूनच पाहावे लागते. प्रकाशाचा हा व्यवहार कोणालाही चुकविता येत नाही. म्हणून पाणबुडीत बहुधा दोन परिदर्शी असतात. एक जाडसर, भरपूर प्रकाश घेणारा, आकाश आणि क्षितिज न्याहाळण्यासाठी. दुसरा बारीक मानेचा, हल्ल्याच्या वेळी शक्य तितका कमी दिसणारा.

कारण या डोळ्याची मूळ अडचण अशी की पाहण्यासाठी त्याला स्वतः दिसावे लागते. नळी पाण्याबाहेर आली आणि पाणबुडी वेगात असली की मागे पांढऱ्या फेसाची रेघ उमटते, आणि विमानातून ती दुरूनही ओळखू येते. दुसऱ्या महायुद्धात काही सेंटिमीटर लहरलांबीची रडार यंत्रे आली आणि मग रात्रीच्या अंधारातही पाण्यावर आलेल्या नळीचे टोक सापडू लागले. म्हणून वेग कमी करायचा, नळी थोडीच वर काढायची, काही सेकंद पाहायचे आणि खाली घ्यायची, अशी शिस्त रुजली. परंतु नळी जितकी कमी वर, तितके क्षितिज जवळ. डोळा पाण्यापासून एक मीटर उंच असेल तर क्षितिज साडेतीन किलोमीटरांच्या थोडे पुढे असते. ते दुप्पट लांब न्यायचे तर उंची दुप्पट नव्हे, चौपट करावी लागते.

भारतीय आरमारात पाणबुडी आली ती ८ डिसेंबर १९६७ रोजी, सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या ‘कलवरी’च्या रूपाने. त्यानंतर चारच वर्षांनी, ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक कामी आले. पाण्याखाली दबा धरलेल्या नौकेचे सामर्थ्य किती भयंकर असते, हे देशाने त्या रात्री अनुभवले. पुढे पाणबुडी स्वदेशात बांधण्याचे काम मुंबईच्या माझगाव डॉककडे आले. जर्मन आराखड्यावर तेथे बांधलेली ‘शाल्की’ ७ फेब्रुवारी १९९२ रोजी आरमारात दाखल झाली. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. त्यानंतर फ्रेंच आराखड्यावर सहा पाणबुड्या तेथे बांधल्या गेल्या. नवी ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये आली आणि सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये. त्यांतील ‘खांदेरी’चे नाव अलिबागजवळच्या त्या बेटावरून आहे, जेथे छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांचा विरोध मोडून दुर्ग उभारला. मुंबईच्या तोंडाशी शत्रूवर नजर ठेवणारे ते ठाणे होते. पाणबुडीस ते नाव शोभून दिसते. या वर्गातील पाणबुड्यांच्या परिदर्शींत अवरक्त आणि मंद प्रकाशात पाहणारे कॅमेरे, तसेच लेझरने अंतर मोजणारी यंत्रे बसविलेली आहेत. डोलकाठीची उंची गृहीत धरण्याचे ओझे त्यामुळे उतरले.

याहूनही मोठा बदल आता घडून आला आहे. जुन्या परिदर्शीची नळी पाणबुडीच्या पोलादी कवचातून आरपार जाते. पाण्यात दर दहा मीटर खोलीमागे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम भाराचा दाब वाढतो. एकोणीस सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर दोनशे मीटर खोलीवर साडेपाच टनांहून अधिक भार येतो, आणि तिच्याभोवतीचे सील पाण्याचा थेंबही आत येऊ न देता, तरीही नळी वरखाली व गोल फिरू देत टिकावे लागते. शिवाय नळी सरळ असल्याने नियंत्रण कक्ष तिच्या अगदी खालीच बांधावा लागतो. नव्या पद्धतीत कवचाबाहेरील उंच दांड्यावर कॅमेरे असतात. त्यांनी टिपलेले दृश्य तारांतून आत येते. कवचाला फक्त तारांपुरते छिद्र पुरते. नियंत्रण कक्ष खालच्या, प्रशस्त भागात नेता येतो. अमेरिकेची ‘व्हर्जिनिया’ (२००४) आणि ब्रिटनची ‘अॅस्ट्यूट’ (२०१०) या पाणबुड्यांत काचेच्या भिंगांचा जुना परिदर्शी राहिलाच नाही. दांडा वर येतो, काही सेकंदांत सभोवार फिरून चित्रण करतो आणि खाली जातो. मग ते चित्रण पडद्यावर सगळे मिळून सावकाश तपासतात. ‘व्हर्जिनिया’ वर्गातील ‘कोलोरॅडो’वर हे कॅमेरे फिरविण्यासाठी सुमारे ३८ हजार डॉलरच्या यंत्रणेऐवजी मुले खेळतात तसला, तीस डॉलरपेक्षा कमी किमतीचा व्हिडिओ गेमचा कंट्रोलर वापरात आणला गेला. तरुण नौसैनिकांना तो शिकवावाच लागला नाही.

एवढी प्रगती झाली तरी एक गोष्ट यंत्रावर सोपविता आलेली नाही, ती म्हणजे पाहण्याची निष्ठा. शांततेच्या काळात परिदर्शीचे पहिले काम शत्रू शोधणे हे नसून, वर येण्यापूर्वी तेथे कोणी निरपराध माणूस तर नाही ना, हे पाहणे असते. ९ फेब्रुवारी २००१ रोजी हवाईजवळ अमेरिकेची ‘ग्रीनव्हिल’ ही पाणबुडी झपाट्याने पृष्ठभागावर आली आणि ‘एहिमे मारू’ या जपानी जहाजावर खालून आदळली. मासेमारीचे शिक्षण घेणारे शाळकरी विद्यार्थी त्या जहाजावर होते. नऊ जण मृत्युमुखी पडले. त्यांत चार विद्यार्थी. वर येण्यापूर्वी परिदर्शीतून पाहिले गेले होते. पण ते घाईने, आणि नळी पुरेशी उंच न काढता, असे चौकशीत निष्पन्न झाले. यंत्रात दोष नव्हता. गोव्याच्या किनाऱ्यापासून सुमारे सत्तर सागरी मैलांवर २१ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘मार्थोमा’ ही मासेमारी नौका आणि भारतीय नौदलाची पाणबुडी यांची टक्कर झाली. तेरांपैकी अकरा मच्छीमार वाचले, दोघे घरी परतले नाहीत. आपल्या समुद्रावर पोटासाठी जाळे टाकणारी माणसे आणि त्यांच्याच रक्षणासाठी पाण्याखाली फिरणारी माणसे एकाच पाण्यात वावरतात, आणि त्यांच्यामध्ये बहुधा काही मीटर पाणी आणि एक नजर एवढेच अंतर असते.

ज्यांना खरा परिदर्शी पाहायचा असेल त्यांनी विशाखापट्टणमला अवश्य जावे. १९६९ पासून २००१ पर्यंत आरमाराची सेवा केलेली ‘कुरसुरा’ ही पाणबुडी तेथील रामकृष्ण किनाऱ्यावर २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. सोलापूरहून कोणार्क एक्सप्रेस थेट तेथे जाते. याच विशाखापट्टणममध्ये सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला. त्याची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली होती. ‘कुरसुरा’च्या अरुंद बोळातून वाकून चालताना नियंत्रण कक्षातील परिदर्शी समोर येतो. सत्तर-पाऊणशे माणसांचा जीव ज्या एका डोळ्यावर अवलंबून असे, तो हाच. सोबत मुले असतील तर त्यांना तेथेच एक प्रश्न विचारावा: शाळेतील पुठ्ठ्याची पेटी दहा मीटर लांब केली तर तीतून किती दिसेल? उत्तर त्यांनी स्वतः काढले, तर समोरची नळी भिंगांनी का भरावी लागली, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.